शाळेतली टिंकरिंग लॅब, टिंकरकॅड आणि फ्रीकॅड: वापरून झाल्यावरचं माझं मत

परभणी जिल्ह्यातल्या ज्या अनुदानित शाळेत मी दहावीपर्यंत शिकले, तिथं अटल टिंकरिंग लॅब आहे. सध्या मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळांचे प्रवेश सुरू झाले की काका, मामा, ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारतात, "तुमच्या शाळेतली ती प्रिंटरवाली लॅब खरंच कामाची आहे का गं?" फोनवर प्रत्येकाला नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लॅब कामाची आहे, आणि माझं आजचं शिक्षण तिच्यावरच उभं आहे. पण जी वस्तू बघून पालक खूश होतात, त्या थ्रीडी प्रिंटरला मी तिसरा नंबर देईन. पहिला नंबर कपाटातल्या डिजिटल कॅलिपरचा (जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायचं साधन) आणि दुसरा आमच्या सरांनी लावलेल्या शिस्तीचा: आधी मोजायचं, मग वहीत काढायचं, मगच माऊसला हात लावायचा.

ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासूनची. लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते आणि निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यातले १० लाख लॅब उभी करायला आणि बाकीचे पुढची काही वर्षं ती चालवायला. म्हणजे सामान बऱ्याच शाळांत सारखंच येतं. फरक पडतो तो खोलीचं कुलूप रोज उघडतं की पाहुणे आल्यावर, यानं. आमच्याकडं ते रोज उघडायचं, कारण विज्ञानाच्या सरांनी ती लॅब अंगावर घेतली होती.

सुरुवात टिंकरकॅडनं झाली. कॉम्प्युटरवर वस्तूचा थ्रीडी आकार तयार करायचं हे सॉफ्टवेअर २०११ मध्ये सुरू झालं, २०१३ पासून ऑटोडेस्ककडं आहे आणि फुकट आहे. कॉम्प्युटरवर काही भरावं लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं. शिक्षक वर्ग तयार करून कोड देतात. तो कोड आणि टोपणनाव टाकलं की मुलगा आत, ईमेल लागत नाही. आमच्यातल्या निम्म्याअधिक मुलांकडं ईमेल नव्हताच, त्यामुळं ही सोय मोठी. पडद्यावर २०० बाय २०० मिलीमीटरचा पाट असतो. त्यावर ठोकळा, दंडगोल, शंकू ओढून आणायचे, माप टाकायचं आणि दोन आकार एकत्र बांधायचे. एखादा आकार ‘होल’ केला की तो दुसऱ्यातून कापून निघतो. आठवीच्या मुलाला अर्ध्या तासात समजतं. ज्यांनी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी घनभूमिती केली होती, त्यांना तर ते फारच लवकर जमलं, कारण वरून आणि समोरून दिसणारी वस्तू डोळ्यांपुढं आणायची सवय त्यांना होती.

टिंकरकॅडमधली एक गोष्ट मात्र मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी, आणि आमच्या सरांनी ती सांगितली. आम्ही शिकलो तेव्हा तिथला दंडगोल खरा गोल नसायचा. ओढून आणला की तो २० बाजूंचा असायचा. पडद्यावर गोल दिसायचा, पण फिरणारा भाग म्हणून छापला तर कोपरे लागायचे. बाजूंचा आकडा ६४ पर्यंत वाढवता यायचा. चावीची अडकवणी किंवा पेन ठेवायचा डबा करायचा असेल तर याचं काही बिघडत नाही. दुसऱ्या भागात बसून फिरणारी वस्तू करायची असेल तर बिघडतं.

आणि मला तशीच वस्तू करायची होती. आमच्याकडं ढकलून चालवायचं टोकण यंत्र आहे, चाकाला चोची असलेलं. डब्यात बी भरायचं, आतला प्लास्टिकचा रोलर फिरतो, त्याच्या खाचांत दाणे बसतात, ब्रश जास्तीचे दाणे झाडतो आणि चोच जमिनीत गेली की बी पडतं. यंत्राबरोबर सोयाबीनचा, मक्याचा, भुईमुगाचा रोलर आला होता. तुरीचा नव्हता. बाबा सोयाबीनच्याच रोलरवर तूर टोकायचे आणि म्हणायचे, "एका जागी चार-चार दाणे पडायलेत, नुसतं बी वाया जायलंय." बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन-७११ ही पांढरी तूर आमच्या रानात असते, आणि बियाणं काही फुकट येत नाही.

सरांना सांगितल्यावर त्यांनी कॉम्प्युटर चालू करू दिला नाही. घरून वाटीभर तूर आण म्हणाले. मग कॅलिपर हातात घेऊन एकेक दाणा मोजायचा: लांबी, रुंदी, जाडी, आणि वहीत तीन रकाने. तुरीचा दाणा लहान, घसरता. जबडे जोरात दाबले तर उडून जातो, सैल धरला तर माप चुकतं. जबडे दाण्याला नुसते टेकवून अंगठ्यानं चाक किंचित मागं-पुढं करायचं आणि आकडा स्थिर झाला की लिहायचा. आमच्या तुरीचे बहुतेक दाणे ५ ते ६ मिलीमीटरच्या मधले निघाले. मैत्रीण म्हणाली, सरासरी काढू. सरांनी विचारलं, "सरासरीएवढी खाच केली तर मोठ्या दाण्यांचं काय होईल?" ते खाचेत अर्धे बसतील आणि ब्रशखाली चिरडतील. म्हणून खाच मोठ्या दाण्याच्या मापानं धरायची. इतकं साधं आहे, पण हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नसतं.

दुसरी गोष्ट बाबांकडून कळली. रोलरचं चित्र वहीत काढून एका खाचेत एक दाणा असं मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "एक नगं बाई. एखादा उगवलाच नाही तर जागा मोकळी राहती. दोन पडू दे, मग विरळणी करता येतीय." म्हणजे खाच गोल करून चालणार नव्हती, दोन दाणे शेजारी बसतील अशी लांबट हवी होती. लांबी ११, रुंदी साडेसहा, खोली साडेपाच मिलीमीटर, असं शेवटी ठरलं. वापरणाऱ्याला आधी विचारायचं, हे पुढं पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला मोठ्या शब्दांत शिकवलं गेलं. मला ते आमच्या ओसरीवर कळलं होतं.

रोलर टिंकरकॅडमध्ये झाला असता. पण माप बदललं की बांधलेले आकार सोडवायचे, प्रत्येक खाच पुन्हा जागेवर आणायची, असं करत बसावं लागलं असतं. शिवाय टिंकरकॅडला इंटरनेट लागतं आणि आमच्या शाळेचं नेट पावसाळ्यात दुपारनंतर गायब व्हायचं. त्यामुळं नववीत सरांनी आम्हाला फ्रीकॅडवर आणलं. तेही फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, एकदा कॉम्प्युटरवर भरलं की नेटशिवाय चालतं. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, काम मात्र २००२ पासून चालू आहे. लॅबचे कॉम्प्युटर जुने, त्यामुळं मोठी फाईल उघडताना थांबावं लागायचं. आमच्या कामाला ते पुरलं.

फ्रीकॅड शिकायला अवघड आहे, हे मी लपवणार नाही. पहिले काही तास डोकं दुखतं. पण त्यातलं स्केच, म्हणजे वस्तू उभी करण्याआधी काढायचं सपाट चित्र, हा मला शाळेत मिळालेला भूमितीचा सगळ्यात चांगला धडा. एक आयत काढला की त्याच्या रेषा पांढऱ्या दिसतात. पांढऱ्या म्हणजे अजून मोकळ्या, माऊसनं ओढलं तर सरकतात. मग एकेक अट घालायची: ही रेष आडवी, ही उभी, या दोन समान, हा कोपरा मध्यबिंदूपासून इतक्या अंतरावर. शेवटची अट बसली की सगळं चित्र हिरवं होतं, म्हणजे आता कुठलीच रेष हलणार नाही. भूमितीच्या पेपरात ‘रचना’ काढताना कुठलं माप दिलं की त्रिकोण निश्चित होतो हे पाठ केलेलं होतं. ते का, हे इथं समोर दिसतं. एखादी अट जास्तीची झाली तर फ्रीकॅड लगेच सांगतं की या दोन अटी एकमेकींशी भांडतात.

त्याच्यातच हिशेबाची शीट असते. मी तिथं दाण्याची लांबी, रुंदी, खाचांची संख्या असे आकडे लिहिले आणि स्केचची मापं त्या आकड्यांना जोडली. एक खाच काढायची, ती रोलरभोवती गोल फिरवून हव्या तितक्या करायच्या. शीटमधला आकडा बदलला की अख्खा रोलर बदलतो. तुरीचा झाल्यावर मुगासाठी नुसते आकडे बदलून नवा रोलर तयार झाला. त्या दिवशी मी मेकॅनिकलला जायचं ठरवलं.

आता प्रिंटर. पीएलए नावाच्या प्लास्टिकची दोरी २०० अंशांच्या आसपास वितळवून नोझलच्या ०.४ मिलीमीटरच्या भोकातून थरावर थर देत वस्तू उभी करतो. बघायला मजा येते, पण रोलर व्हायला काही तास लागतात आणि त्यात वीज गेली तर थर चुकतो. लॅबला इन्व्हर्टर मिळेपर्यंत आम्ही भारनियमनाच्या वेळा बघून प्रिंट लावायचो. छापलेलं भोक नेहमी काढलेल्यापेक्षा किंचित लहान येतं. म्हणून सरांनी एक पट्टी छापून घेतली होती, तिच्यावर ८.०, ८.१, ८.२ असं चढत्या क्रमानं ८.६ पर्यंत भोकं. आठ मिलीमीटरचा लोखंडी आस घ्यायचा आणि एकेका भोकात घालून बघायचा. एकात जातच नाही, एकात दाबून बसतो, पुढच्यात हलका फिरतो. जे हवं ते माप वहीत लिहायचं आणि फ्रीकॅडमध्ये टाकायचं. पट्टी लॅबच्या भिंतीवर दोऱ्यानं टांगलेली असायची. सगळ्या लॅबमध्ये मला सगळ्यात आवडलेली वस्तू तीच.

वस्तू कशी उभी करून छापायची हेही शिकायला मिळालं. थर जिथं एकमेकांना चिकटतात तिथं तुकडा कमकुवत असतो, त्यामुळं जोर कुठून येणार ते आधी बघायचं. रोलर उभा छापला की गोलाई गुळगुळीत येते. आणि आपल्या भागासाठी खास सांगते: पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या काचेमागं ठेवलेली वस्तू वाकते. पेरणी झाली की आमचा रोलर घरात, सावलीत जातो. कायमचा हवा असेल तर पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक घ्यावं, ते जास्त उष्णता सोसतं.

तक्रारी दोन आहेत. ज्यांनी लॅबला प्रिंटर पुरवला, ते बसवायच्या दिवशी आले, एकदा चालवून दाखवला आणि नोझल तुंबल्यावर फोन उचलेनात. परीक्षेनंतरचा सगळा काळ प्रिंटर बंद होता. शेवटी सरांनी स्वतः नोझल तापवून, बारीक तार घालून तो मोकळा केला. वस्तूबरोबर दुरुस्तीची जबाबदारी लिहून घ्यायला हवी, नाहीतर लाखांचं सामान कापडाखाली झाकून राहतं.

दुसरी तक्रार जास्त मनाला लागलेली. दहावी सुरू झाली आणि आमचा लॅबचा तास काढून घेतला. "दहावीचं वर्ष आहे" एवढंच कारण. आमच्याकडं हुशार मूल म्हणजे लातूरला जाऊन नीटची तयारी करणारं, हे ठरलेलं असतं. त्या वाटेनं जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, माझी जिवलग मैत्रीण तिकडंच आहे. पण संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं इतके कारखाने आहेत, चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूमसारखी साचे बनवायला शिकवणारी सरकारी संस्था आहे, आणि आठवी-नववीत ज्यांचा हात बसला त्यांना दहावीत वर्षभर त्या खोलीत पाऊल ठेवायची बंदी. आठवड्यातला एक तास ठेवला असता तर कुणाचे गुण कमी झाले नसते.

पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉईंगला माझ्या वर्गातली बरीच मुलं अडखळली. वस्तूची वरून, समोरून, बाजूनं दिसणारी चित्रं कागदावर कुठं मांडायची याच्या दोन पद्धती आहेत: आपल्याकडं पहिल्या कोनाचं प्रक्षेपण शिकवतात, अमेरिकी व्हिडिओंत तिसऱ्या कोनाचं असतं, त्यात त्यांचा गोंधळ झाला. मला वस्तू डोळ्यांपुढं फिरवता येत होती, त्यामुळं ड्रॉईंगची शीट सोपी गेली.

लॅबला मी पाचपैकी चार देते. एक गुण दहावीच्या बंदीचा आणि बंद प्रिंटरचा मिळून कापला. टिंकरकॅड आठवीपर्यंत उत्तम, नववीनंतर फ्रीकॅडवर न्यावं. शाळा बघायला जाणाऱ्या पालकांनी प्रिंटर चालू करून दाखवा असं म्हणू नये, तो कुणीही चालू करतं. लॅबमधल्या एखाद्या मुलाला त्यानं केलेली वस्तू मागावी आणि तिचं कुठलं माप का ठेवलं ते विचारावं. तो वही काढून दाखवायला लागला तर नाव घालायला हरकत नाही. आणि दहावीला लॅबचा तास असतो का, हे मुख्याध्यापकांना तिथंच विचारून घ्यावं.