हेप सी निघालंय आणि बाळ अंगावर पितंय: गोळ्या लगेच, की दूध तुटल्यावर?

हा प्रश्न पडणाऱ्या बायका आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असाव्यात, कारण आता बऱ्याच खाजगी मॅटर्निटी होममध्ये डिलिव्हरीच्या आधी एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी अशा तिन्ही टेस्ट एकदमच करून घेतात आणि जिला जन्मात साधी कावीळ झाली नाही तिच्याही रिपोर्टवर 'रिॲक्टिव्ह' (म्हणजे पॉझिटिव्ह) येऊन बसतं. माझं तसंच झालं, हेप सी म्हणजे हेपॅटायटिस सी, लिव्हरला धरणारा व्हायरस निघाला. कुठून आलं ते काही कळलं नाही, लहानपणी गावच्या डॉक्टरने टोचलेली इंजेक्शनं असतील नाहीतर दाताचं एखादं काम, ते शोधत बसण्यात मला तरी अर्थ वाटला नाही.

रक्तातून पसरतं, ताटवाटीतून नाही, १२ आठवडे गोळ्या घेतल्या की ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, हे सगळं तुम्ही एव्हाना वाचून झालं असेल (दुसरं काय करणार रात्री तीनला मांडीवर बाळ आणि हातात मोबाइल), म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की नुसत्या अँटीबॉडीच्या रिपोर्टवर काही ठरवू नका. ती टेस्ट फक्त 'कधीतरी लागण झाली होती' एवढंच सांगते, आत्ता व्हायरस आहे की नाही ते आरएनए पीसीआर या रक्ताच्या दुसऱ्या टेस्टवरच कळतं. आणि ती पीसीआर गरोदरपणात केलेली असेल तर गोळ्या सुरू करायच्या आधी परत एकदा करा, कारण बाळंतपणानंतर काहीजणींचा व्हायरस आपोआप निघून जातो. माझा नाही गेला, पण तुमचा गेला असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

तर रस्ते दोन. एक, लगेच गोळ्या सुरू करायच्या आणि तेवढे दिवस बाळाला वरचं दूध द्यायचं. दुसरा, बाळ अंगावर पितंय तोवर थांबायचं आणि दूध तोडलं की गोळ्या. यात गोम अशी की हेप सी अंगावरच्या दुधातून जात नाही, पाजायला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणतात ते गोळ्या आणि पाजणं एकत्र करायला. सोफोसबुव्हिर, डॅक्लाटासव्हिर वगैरे या गोळ्यांतली औषधं माणसाच्या दुधात किती उतरतात आणि बाळाला त्याचं काय होतं याची माहिती फार कमी आहे, प्राण्यांवरच्या चाचण्यांत ती दुधात उतरलेली दिसली आहेत, त्यामुळे डॉक्टर सहसा दोन्ही एकावेळी नको म्हणतात. एखादा डॉक्टर तुमची केस बघून वेगळं सांगेलही, तो त्याचा अधिकार.

लगेच गोळ्या घेणाऱ्यांची बाजू मला पूर्ण पटते हे आधीच सांगते. एकदाचं उरकून जातं. तीन महिने गोळ्या, मग आणखी १२ आठवड्यांनी परत पीसीआर, ती निल आली (म्हणजे व्हायरस सापडला नाही) की विषय संपला. घरात जे काय चालू होतं तेही संपतं. म्हणजे आमच्याकडे कोणी वाईट वागलं नाही हो, पण माझा चहाचा कप हळूच वेगळ्या हुकाला लागायला लागला, आणि त्यावर काही बोलावं तर सासूबाईच रडवेल्या होणार, मग मीच गप्प. कावीळ म्हटल्यावर एका मावशींनी गावाकडून माळ आणून दिली, दुसऱ्या कोणी ऊस चोखायला सांगितला. (उसाने काही बिघडत नाही, पण गावठी काढे मात्र लिव्हरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यातल्या काहींनी लिव्हरच बिघडतं.) तर त्या कपासाठी म्हणून एखादीने उद्याच गोळ्या सुरू केल्या तरी मी तिला नावं ठेवणार नाही.

आणि थांबण्यातला खरा धोका व्हायरसचा नसून आपल्याच विसरण्याचा आहे. बाळ मोठं होतं, आपण ऑफिसला जायला लागतो, फाइल कपाटात वरच्या खणात जाते आणि एक दिवस पाळी चुकते. परत गरोदर राहिलं की गोळ्या परत पुढे ढकलल्या, वर दुसऱ्या बाळाला लागण व्हायची शक्यता परत उभी. लगेच घेणारीला ही भानगडच नाही.

मग मी का थांबले? खरं सांगायचं तर पंपामुळे.

झालं असं की पहिल्या काही आठवड्यांत लेकीला नीट तोंडात धरता येईना आणि माझ्या निपलला चिरा पडल्या, एका बाजूने चक्क रक्त यायला लागलं. आता दूध चालतं पण रक्त नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलं की चीर भरेपर्यंत त्या बाजूने पाजू नका, दूध काढून टाकून द्या, दुसरी बाजू ठीक आहे तिथे पाजा. ऐकायला सोपं आहे. दूध काढून टाकलं नाही तर छाती दगडासारखी होते आणि पुढे येणारं दूधही कमी होतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी पंप. आमचा पंप हाताने दाबायचा, त्याची ती रबराची पांढरी व्हॉल्व्ह असते ती धुताना हमखास बेसिनच्या जाळीत जाऊन बसायची, ती रात्री मोबाइलच्या उजेडात चिमट्याने काढायची, मग सगळं उकळायचं, ते गार होईपर्यंत लेक भुकेने उठलेली, तिला दुसऱ्या बाजूला घ्यायचं तर या बाजूला पान्हा फुटून ब्लाउज भिजलेला. आणि एवढं करून जे काही वाटीभर निघायचं ते ओतून द्यायचं. सासूबाईंनी एकदा बघितलं तर म्हणाल्या, "मोरीत नको गं ओतूस, कुंडीत तरी घाल." तेव्हापासून मी ते बाल्कनीत जाऊन जास्वंदीला घालायचे, पहाटे चारला, गाऊनवर. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना काय वाटलं असेल देव जाणे.

हे सगळं एकाच बाजूचं आणि थोड्याच दिवसांचं. तेव्हाच लिव्हरच्या डॉक्टरांनी पर्याय सांगितला की लगेच सुरू करायचं असेल तर दूध पूर्ण बंद करा किंवा गोळ्या संपेपर्यंत पंप करून टाकत राहा आणि नंतर परत पाजा. दोन्ही बाजू, १२ आठवडे. मी तिथेच मनात नाही म्हणून टाकलं. दूध पूर्ण बंद करायला माझी तत्त्व वगैरे म्हणून काही हरकत नव्हती, डब्याच्या दुधावर वाढलेली मुलंही धडधाकटच असतात, पण बाळंतिणीच्या खोलीत येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न दुधाचाच विचारते. "अंगावर पाजतेस ना? कमी पडतंय का? अळिवाचे लाडू खातेस का?" आणि बाटली दिसली की कारण सांगावं लागतं, कारण सांगितलं की आजार सांगावा लागतो, आणि आमच्या घरी दारावर आलेल्या भाजीवाल्या मावशींपासून सगळ्यांना तो कळला असता. बारशापर्यंत तरी ते मला नको होतं. कोणाला हे कारण फालतू वाटेल, वाटू दे.

थांबायला डॉक्टर तयार झाले त्याचं कारण मात्र पंप नव्हे. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघायची तपासणी) चांगला होता, प्लेटलेट ठीक, एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) थोडंसंच वर. हेप सी लिव्हरचं नुकसान करतो पण फार सावकाश, सिरोसिस (लिव्हर कायमचं खराब होणं) ज्यांना होतो त्यांनाही त्याला साधारण दोन-तीन दशकं लागतात, त्यामुळे लिव्हर आत्ता ठणठणीत असेल तर काही महिन्यांनी सहसा फरक पडत नाही. तुमच्या रिपोर्टवर फायब्रोसिस (लिव्हरवरचे व्रण) पुढच्या स्टेजचा असेल, सिरोसिस असेल, हेप बी किंवा एचआयव्हीही सोबत असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा सुरू करा, तिथे दुधाचा हिशोब दुय्यम. तसंच ज्यांचं बाळ काही ना काही कारणाने आधीच वरच्या दुधावर आहे त्यांनी कशासाठी थांबायचं? त्यांनी सरळ गोळ्या घ्याव्यात असं मला वाटतं.

थांबायचे दिवस कसे गेले विचाराल तर बरेचसे नेहमीसारखेच. माझं नेलकटर, रेझर, टूथब्रश वेगळं, कुठे कापलं की पट्टी. निपलची चीर परत एक-दोनदा उघडली तेवढे दिवस परत पंप आणि जास्वंद. त्रास होता तो डोक्याचा, लेकीला लागण झाली असेल का हा. आईकडून बाळाला जायचं प्रमाण शंभरात पाच-सहा आहे आणि ते जातं ते पोटात असताना किंवा डिलिव्हरीच्या वेळी, म्हणजे मी आत्ता गोळ्या खाल्ल्या असत्या तरी तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. हे कळल्यावर घाई करायचं माझं उरलंसुरलं कारणही गेलं. बाळाची अँटीबॉडी टेस्ट लवकर करू नका, आईच्या अँटीबॉडी बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात आणि उगाच पॉझिटिव्ह बघून घरभर रडारड होते. एकतर दीड वर्षाची झाल्यावर करायची, नाहीतर दोन ते सहा महिन्यांच्या मध्ये पीसीआर करायची, हल्ली हे दुसरं सुचवतात. आम्ही पीसीआर केली, निल आली. आली नसती तरी तिची औषधं तीन वर्षांची झाल्यावरच सुरू झाली असती.

लेक वरणभात खायला लागली आणि दूध रात्रीपुरतं उरलं तेव्हा मी दूध तोडलं, कोरफड लावून, दोन-चार रात्री तिने घर डोक्यावर घेतलं, आणि मग गोळ्या सुरू. रोज दोन, एक सोफोसबुव्हिर एक डॅक्लाटासव्हिर. थोडं डोकं दुखायचं, थकवा. इथे मला थांबण्याचा एक फायदा कळला जो आधी कोणी सांगितला नव्हता. ओल्या बाळंतपणात डोकं दुखतंच, थकवा असतोच, झोप नसतेच, त्यात गोळीमुळे काय आणि बाळामुळे काय हे कसं कळणार, आणि ज्या दिवसांत मी स्वतःचा चहा प्याले की नाही हे मला आठवत नव्हतं त्या दिवसांत रोज गोळी न चुकता घेतली असती असं मी छातीठोक नाही सांगू शकत. नंतर घेताना एकही चुकली नाही. काहीजणींचा अनुभव उलटाही असेल, माहेरी असताना आई हातात गोळी आणि पाणी देते ते सुख सासरी नसतं, हेही खरंय.

सरकारी की खाजगी याबद्दल थोडक्यात. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा व्हायरल हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात टेस्ट आणि गोळ्या फुकट मिळतात, मेडिकल कॉलेज आणि जिल्हा रुग्णालयांत सेंटर आहेत. मी तिथूनच घेतल्या. रांग असते, महिन्याला प्रत्येक औषधाची एक बाटली मिळते, २८ गोळ्यांची, परत जावं लागतं. पण तिथे कोणी 'अय्या, इतक्या लहान वयात?' असा चेहरा करत नाही, कारण त्यांच्याकडे रोज तेच पेशंट. ज्या खाजगी ठिकाणी माझी डिलिव्हरी झाली तिथे माझ्या पलंगाला लाल स्टिकर लावला होता आणि भेटायला येणारा प्रत्येकजण तो वाचत होता, त्यामानाने रांग परवडली. खाजगीत वेळ वाचतो, पीसीआरला काही हजार जातात, परवडत असेल तर जा.

गोळ्या चालू असताना दिवस राहू देऊ नका, आणि रिबाव्हिरिन (काहींना जोडीला देतात ते औषध) दिलं असेल तर गोळ्या संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने नाही. ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर आधी सांगा, व्हेलपाटासव्हिर (याच गटातलं दुसरं औषध) दिलं असेल तर विशेष, ते पोटातलं ॲसिड कमी झालं की नीट शोषलं जात नाही. थांबायचं ठरवलंत तर पुढची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्येही तारीख टाका.

आणि बरं झाल्यावरची आरएनए निल असलेली पीसीआर जपून ठेवा, दोन-तीन झेरॉक्स काढून. अँटीबॉडी टेस्ट पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, व्हायरस गेला तरी. दुसऱ्या डिलिव्हरीला गेलात की परत त्याच तीन टेस्ट होणार, परत 'रिॲक्टिव्ह' येणार आणि परत कोणीतरी स्टिकर घेऊन येणार, तेव्हा तो कागद पुढे करता आला पाहिजे.