गिटलीक्स, ट्रफलहॉग, ओएसव्ही-स्कॅनर: कुडाळच्या पावसाळ्यात वापरून पाहिले

कुडाळला घरूनच काम करतो. होमस्टेचं बुकिंग, हापूसच्या ऑर्डरी अशी छोटी सॉफ्टवेअर बनवतो, त्यामुळे पेमेंट गेटवेच्या की (सेवेत शिरायला लागणारे गुप्त कोड) आणि डेटाबेसचे पासवर्ड रोज हाताखालून जातात. पावसाळ्यात वीज गेली की डेस्कटॉप इन्व्हर्टरवर चालतो, पण नेट तासन्‌तास येत नाही. म्हणून कोडमध्ये चुकून राहिलेल्या की आणि त्रुटी शोधणारं टूल घेताना ते नेटशिवाय किती चालतं, हे मी आधी बघतो.

यात गिटलीक्स सर्वांत सरस. एकच बायनरी (थेट चालणारी फाइल), नेट लागत नाही. प्री-कमिट हुकला (गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, नोंद होण्याआधी आपोआप चालणाऱ्या तपासणीला) लावलं की कोडमध्ये की दिसताच कमिट, म्हणजे ती नोंद, अडवतं. पॅटर्न आणि एन्ट्रॉपी (अक्षरं किती विस्कळीत आहेत ते) बघून ठरवतं, त्यामुळे टेस्टमधल्या खोट्या टोकनवरही अडतं. सुरुवातीला वैताग येतो. त्या ओळीपुढे 'अलाऊ'ची कमेंट टाकली की पुन्हा त्रास देत नाही. या वैतागापायी हुक काढून टाकू नका, खरी राखण तोच करतो.

ट्रफलहॉगचं काम वेगळं. सापडलेली की अजून चालू आहे का, हे ते त्या त्या सेवेलाच विचारून सांगतं. त्यासाठी नेट हवंच. एका ग्राहकाकडून जुनी रेपो (कोडचा साठा) आली, तिच्या हिस्टरीत, म्हणजे जुन्या नोंदींत, की पडलेल्या होत्या. गिटलीक्सने लांबलचक यादी दिली, त्यातल्या जिवंत कोणत्या ते ट्रफलहॉगने दाखवलं. अशा वेळी फाइलमधून ओळ पुसून काही होत नाही, गिटच्या हिस्टरीत ती राहतेच. की रद्द करून नवीच घ्यावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं मिळतात तिथे) पसरलेल्या शाय-हुलुद वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक कोडने) डेव्हलपरांच्या मशीनवरच्या की शोधायला हेच ट्रफलहॉग वापरलं होतं. तेव्हापासून मी साध्या एन्व्ह फाइलीत (प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलीत) खऱ्या की ठेवणं बंद केलं, सगळं कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरमध्ये.

डिपेंडन्सींसाठी (कोडमध्ये वापरलेल्या बाहेरच्या पॅकेजांतल्या त्रुटी शोधायला) एनपीएम ऑडिट सोपं, पण ते एनपीएमच्या रजिस्ट्रीला विचारतं, नेट गेलं की संपलं. गूगलचं ओएसव्ही-स्कॅनर त्रुटींचा डेटाबेस आधी उतरवून ऑफलाइन चालतं, शिवाय पायथन आणि गो या भाषांच्या लॉकफाइलीही (वापरलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्यांच्या याद्या) तपासतं. डेटाबेस मात्र नेट असेल तेव्हा ताजा करत राहा, कालच्या डेटाबेसला आजची त्रुटी माहीत नसते.

कोडमधल्या चुका नियमांनुसार शोधणारं सेमग्रेप मोठ्या प्रोजेक्टवर माझ्या मशीनला जड जातं. पण नियम स्वतःच्या डिस्कवर ठेवले तर तेही ऑफलाइन चालतं, म्हणून पेमेंटच्या कोडपुरते नियम लिहायला घेतलेत.