व्हिस्कोसचा शर्ट आठ महिन्यांनी: सगळं छान, बटणपट्टी सोडून

पॅटर्नवरून, म्हणजे कापड बेतायच्या साच्यावरून, घरी शिवलेला व्हिस्कोस रेयॉनचा शर्ट आठ महिने नेमानं वापरात आहे. कापड झुळझुळीत पडतं, घामातही सुसह्य वाटतं. पण बटणपट्टीला फोड आल्यासारखे फुगे आलेत आणि शर्ट घालताना नजर तिथेच जाते.

दोष फ्यूजिंगचा, म्हणजे पट्टीला ताठपणा यावा म्हणून आतून इस्त्रीनं चिकटवतात त्या गोंद लावलेल्या अस्तराचा. व्हिस्कोस आटतं म्हणून कापड कटिंगआधी धुतलं होतं. फ्यूजिंग मात्र आणलं तसंच चिकटवलं. मग दर धुण्याला दोघं आपापल्या मापानं आटले आणि गोंद सुटला. वीतभर रुंदीचं फ्यूजिंग कोमट पाण्यात भिजवून सपाट वाळवायला कष्ट ते काय? तेवढा आळस केला की पट्टी उसवणं आलं, आणि या कापडावर उसवल्याच्या खुणा राहतात.

दुसरी चूक क्रमाची. पट्टी आधी कापली की उचलतानाच ती लांबते आणि फ्यूजिंग तिला लांबलेल्या मापातच पक्की करतं. म्हणून आधी कापडाच्या मोठ्या तुकड्याला फ्यूजिंग लावायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच पॅटर्न ठेवून कापायचं. इस्त्री सरकवायची नाही. दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. कॉलरचं कडक बकरम तर पट्टीत नकोच. पट्टी फळीसारखी उभी राहते आणि बाजूचं कापड तिच्यावरून लोंबतं.

सुरुवातीला मत असं होतं की फ्यूजिंगशिवाय काजं नीट होणारच नाहीत. ते आता मागे. त्याच पॅटर्नच्या दुसऱ्या शर्टात धुतलेलं मलमल उभ्या धाग्यावर कापून पट्टीत शिवलं. गोंदच नाही, तर सुटणार काय? चार महिने झाले, पट्टी सपाट आहे. काज करताना खाली पातळ कागद ठेवला की कापड मशीनच्या दातांत ओढलं जात नाही. कागद नंतर फाडून काढायचा.

बाकी पॅटर्नबद्दल तक्रार नाही. कापड दुहेरी घडीवर कापू नका, खालचा थर सरकतो. गळ्याला कटिंग होताच मायेत, म्हणजे शिलाईबाहेर राखलेल्या कापडात, एक टीप मारा, नाहीतर कॉलर लावेपर्यंत गळा वाढलेला असतो. सुई नवी, 9 नंबरची. टाका 2 ते 2.5 मिमी. दीड सेंटिमीटर माया असेल तर फ्रेंच शिलाई (कापडाच्या कडा आत झाकणारी दुहेरी शिलाई) अशी: उलट बाजू आत ठेवून 9 मिमीवर टीप, माया 3 मिमीपर्यंत छाटणे, उलटवून 6 मिमीवर दुसरी टीप.

खालचा घेर मात्र लगेच दुमडू नका. शर्ट दिवसभर हँगरला टांगून ठेवा. कडेचा गोलवा तिरक्या धाग्यावर असल्यामुळे तेवढाच भाग खाली उतरतो. तो समपातळीत छाटून मग बारीक दुहेरी दुमड घाला. धुतल्यावर पिळू नका. ओलं व्हिस्कोस फार कमकुवत असतं.

पहिल्या शर्टाची पट्टी बदलायला पुढचं कापड पुरत नाही, काजं आधीच कापलेली आहेत. तो आता बटणं न लावता, आत बनियन घालून वापरात आहे.