गिअरबॉक्स फिल्टर किट, आठ महिन्यांनंतर: सगळा घोळ त्या काळ्या रिंगचा

सकाळी गाडी सुरू केली, लिव्हर ‘डी’त, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक सोडला आणि गाडी जागची हललीच नाही. एक, दोन, तीन सेकंद गेले, मग धक्का बसून निघाली. घरी स्वतःच्या हाताने गिअरबॉक्सचा फिल्टर बदलून जेमतेम बारा दिवस झाले होते. त्या दिवशी या किटबद्दल जे लिहायला बसलो होतो ते आज तसंच्या तसं लिहिणार नाही. मधल्या आठ महिन्यांत आणि ११ हजार किलोमीटरमध्ये माझं मत दोनदा बदललं. एका गोष्टीवरचा राग मात्र तेव्हा होता तेवढाच आजही आहे, आणि ती गोष्ट दोन बोटांत मावते.

गाडी फोर्डची एफ-१५० पिकअप, वीस वर्षांहून जुनी, चार गिअरचा ४आर७०डब्ल्यू ऑटोमॅटिक. किट नेहमीचंच: फिल्टर, पॅनचं (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकाचं) गास्केट, म्हणजे सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून लावायची पट्टी, आणि फिल्टरच्या नळीवर चढवायची रबरी रिंग.

हे काम घरी करायला का घेतलं ते आधी सांगतो. एका वर्कशॉपने गेल्या काही वर्षांत दोनदा या कामाचं बिल लावलं होतं, फिल्टर, गास्केट, ऑइल आणि मजुरीसकट. दोन्ही बिलं माझ्याकडे आहेत. दुसऱ्या बिलानंतर ऑइलचा रंग लवकरच पुन्हा तपकिरी दिसायला लागला, तेव्हा शंका आली. म्हटलं, या वेळी पॅन आपणच उतरवायचा.

उतरवला. तळाला, ऑइलमध्ये, पिवळी प्लास्टिकची टोपी पडलेली होती. हे गिअरबॉक्स ज्यांनी उघडलेत त्यांना ती ओळखीची असेल. कारखान्यात डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या सळईच्या) नळीच्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून ही टोपी बसवलेली असते. पुढे गाडीत नळी बसवताना ती आत ढकलली जाते आणि पॅनमध्ये पडते. तिच्यामुळे काही बिघडत नाही. पण पहिल्यांदा पॅन उघडणारा माणूस ती काढून टाकतो, परत आत ठेवत नाही. म्हणजे माझा पॅन त्या दिवसापर्यंत एकदाही उघडलेला नव्हता. फिल्टर कारखान्यातला, गास्केट कारखान्यातलं, आणि मी दोन फिल्टरचे पैसे मोजून बसलेलो.

टोपी आणि दोन्ही बिलं घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की टोपी आधीच्या कोणीतरी आत ठेवली असेल, जुन्या बिलांबद्दल आता काही करता येणार नाही. पैसे परत मिळाले नाहीत. ती टोपी मी जपून ठेवली आहे.

आता मूळ मुद्दा, रिंग.

या गिअरबॉक्समध्ये फिल्टरला बोल्ट नसतो. त्याची नळी पंपाच्या भोकात नुसती दाबून बसवायची, रबरी रिंगच्या घट्टपणावर ती तिथे राहते आणि खालून पॅनचा आधार मिळतो. पंप याच नळीतून ऑइल ओढतो. पूर्ण गिअरबॉक्सचं प्रेशर या एका सांध्यावर अवलंबून आहे. इथून हवा आत गेली तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, आतल्या क्लचना (ऑटोमॅटिकमध्ये गिअर धरणाऱ्या चकत्यांना) प्रेशर मिळायला उशीर होतो आणि गाडी ‘डी’त टाकूनही उभी राहते.

जुना फिल्टर खाली ओढला तेव्हा नळी स्वच्छ बाहेर आली, तिच्यावर रिंग नव्हती. रिंग वर भोकातच अडकून राहिली होती. भोक अंधारं, रिंग काळी, वर ऑइलचा थर. टॉर्च मारूनही ती रिंग ओतीव भागाचाच काठ वाटते. मी नवी रिंग नव्या फिल्टरवर चढवली, थोडं ऑइल लावलं आणि नळी वर दाबली. घट्ट गेली, म्हणून छान बसली असं वाटलं. खरं तर एका रिंगखाली दुसरी रिंग बसली होती आणि नळी काही मिलिमीटर खालीच राहिली होती.

किटसोबतच्या कागदावर सहा चित्रं आहेत. पॅनचे बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे त्याचं चित्र आहे, हातमोजे घाला असंही चित्र आहे. जुनी रिंग भोकातून काढा, हे कुठेही नाही. चुकू नये अशी एकच जागा या कामात आहे आणि तिच्याबद्दल कागदावर एक ओळही नाही. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की बसवण्यातली चूक ग्राहकाची असते. बसवण्यातली चूक माझीच, ते मी नाकारत नाही. पण ज्याला हे काम आधीच येतं त्याला चित्रांचा कागद लागत नाही. कागद पहिल्यांदा करणाऱ्यासाठी असतो.

बाराव्या दिवसाच्या त्या सकाळनंतर गाडी थंड असताना एक्सिलरेटर दाबला की बारीक घरघरही ऐकू यायला लागली. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर आवाज वाढायचा आणि कमी व्हायचा. तेव्हाच संशय पंपाच्या बाजूला गेला आणि पॅन पुन्हा उतरवला.

या खेपेला आरसा आणि टॉर्च दोन्ही घेऊन आडवा झालो. धाकटा भाऊ टॉर्च धरून होता. त्यालाच आधी दिसलं की भोकाच्या काठाला एक बारीक फट आहे. वाकड्या टोकाचा हुक अलगद घालून ती रिंग आतल्या बाजूने ओढली. इथे घाई करायची नाही. ते भोक ॲल्युमिनियमचं असतं, पोलादी टोकाने ओरखडा पडला तर नवी रिंगही तिथे हवा रोखणार नाही. तीन-चार प्रयत्नांनी ती सुटून हातात पडली. प्लास्टिकसारखी कडक झालेली, एका बाजूने चपटी, बोटांनी दाबली तरी न दबणारी. शेजारी नवी रिंग ठेवली तर ती सहज दुमडत होती. त्यानंतर फिल्टर वर दाबला आणि नळी शेवटपर्यंत गेली. ती बसल्याचं हाताला कळलं. पहिल्या वेळी तसं काहीच जाणवलं नव्हतं.

त्यानंतर आजतागायत ‘डी’त टाकल्यावर एकदाही उशीर नाही, घरघर नाही.

हे झाल्यावर मी किटला दोन तारे द्यायच्या तयारीत होतो. तिथे मत बदललं ते फिल्टरमुळे. जुना फिल्टर करवतीने कापून पाहिला होता. आतली जाळी काळपट भुकटीने माखलेली होती, चमकणारे तुकडे कुठेच नव्हते. पॅनमधल्या चुंबकावर काजळासारखा मऊ राखाडी लेप होता, तोही ठीक. क्लचची नेहमीची झीज अशीच दिसते, काळजी करायची ती धातूचे कण किंवा काड्या दिसल्या तर. नव्या फिल्टरचं कापड जाड आहे, शिवण नीट आहे, नळी मूळ फिल्टरच्या मापाशी तंतोतंत जुळते. दोन्ही शेजारी ठेवून कॅलिपरने मोजलंय. आठ महिन्यांत फिल्टरबद्दल तक्रार करावी असं काहीही घडलेलं नाही.

गास्केटबद्दल मात्र माझं मत खाली गेलं. किटमधलं गास्केट कॉर्कचं. पहिल्याच आठवड्यात मागच्या कोपऱ्यात ओलावा दिसला, म्हणून बोल्ट थोडे आणखी आवळले. चूक तिथेच झाली. कॉर्क दबत जातं, बोल्ट सैल वाटतो, माणूस आणखी आवळतो आणि पॅनच्या काठाला बोल्टच्या भोकापाशी खड्डे पडायला लागतात. या बोल्टना फार जोर चालत नाही, १२ ते १४ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि खालचे आटे ॲल्युमिनियमचे असतात. आपल्या मॅन्युअलमधला आकडा बघूनच टॉर्क रेंच वापरा, अंदाजाने लांब हँडल ओढू नका.

दुसऱ्यांदा पॅन उतरवला तेव्हा ते कॉर्क अर्धं वर, अर्धं पॅनला चिकटून फाटलं. सुदैवाने कारखान्यातलं मूळ गास्केट मी फेकलं नव्हतं. आत पोलादी पट्टी आणि वर रबर असलेलं हे गास्केट पुन्हा वापरता येतं. पुसून, दोन्ही काठ कोरडे करून, काहीही न फासता तेच लावलं. आठ महिने झाले, खाली पुठ्ठा टाकून बघतो, एक थेंब नाही. म्हणजे किटमधलं गास्केट नसतं तरी चाललं असतं, आणि ज्याने मूळ गास्केट फेकून दिलं असेल त्याला मात्र या कॉर्कवरच भागवावं लागेल.

ऑइलचं थोडक्यात. माझ्या मॅन्युअलमध्ये मर्कॉन व्ही (फोर्डने ठरवलेला ऑइलचा प्रकार) लिहिलंय, तेच घातलं. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहिलेल्या बाटलीवर माझा भरवसा नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) क्लच थरथरायला लागला की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे जातात. पूर्ण गिअरबॉक्समध्ये साधारण १३ लिटर मावतं, पॅन उतरवल्यावर माझ्याकडे ५ लिटरच्या आसपास निघालं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. त्यामुळे एकदा बदलल्याने ऑइल नवं होत नाही, ३८ टक्केच नवं होतं. रिंगपायी दुसऱ्यांदा ५ लिटर टाकावं लागलं तेव्हा फार हळहळ वाटली, बारा दिवसांचं लालभडक ऑइल डब्यात ओतताना हात जड झाला. पण त्या दुसऱ्या खेपेने नव्या ऑइलचा हिस्सा ६२ टक्क्यांच्या आसपास गेला आणि पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना जो हलका हिसका बसायचा तो त्यानंतरच गेला. एका खेपेनंतर तो गेला नव्हता. तेव्हा ज्यांचं ऑइल काळवंडलंय त्यांनी काही दिवसांच्या अंतराने दोनदा बदलायची तयारी ठेवावी. गिअर घसरायला लागलेला गिअरबॉक्स मात्र फिल्टरने बरा होत नाही, तिथे पैसे घालू नका.

माझ्या पॅनला ड्रेन प्लग, म्हणजे खालून ऑइल सोडायचं बूच नाही. पहिल्या वेळी बोल्ट सैल करत एक बाजू खाली सोडली आणि ऑइल कोपरापर्यंत आलं. दुसऱ्या वेळी आधी हातपंपाने डिपस्टिकच्या नळीतून जमेल तेवढं ओढून घेतलं, मग पॅन जवळजवळ रिकामा उतरला. हे पहिल्याच वेळी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. ऑइल कोमट असावं, कढत नको. गाडी स्टँडवर आणि चाकांना ठोकळे, नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका. पुसायला धागे सुटणारा फडका घेऊ नका, ते धागे आत झडपांमध्ये जातात.

भरताना निघालं तेवढं मोजून घाला, त्यातही आधी थोडं कमी. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, लिव्हर प्रत्येक जागी क्षणभर थांबवत फिरवा, गाडी गरम झाल्यावर डिपस्टिक बघा आणि मग उरलेलं घाला. जास्त झालं तर आतले फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि पुन्हा तोच हवेचा त्रास.

आज तारे द्यायचे तर फिल्टरला पाच, रिंगेला पाच, गास्केटला एक, कागदाला शून्य. पुढच्या वेळी किट घेणार नाही, फक्त फिल्टर आणि रिंग सुटी मिळाली तर तेवढीच घेईन. पॅनच्या बाहेरून पांढऱ्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, दोन बोल्टवर रंगाची खूणही केली आहे. गाडी कधी कोणत्या वर्कशॉपला दिलीच, तर बिल हातात घेण्याआधी खाली वाकून त्या खुणा बघेन.