१९५८ची ईआरएफ लॉरी आठ महिने चालवल्यावर

पहिला महिनाभर मला तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात एकदाही आवाज न करता जाता आलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. गुगलवर 'जुनी ब्रिटिश लॉरी कशी चालवावी' शोधून शिकता येईल असं वाटत असेल तर तो नाद सोडा.

गाडी आहे ईआरएफ ६८जी. नावातच सगळी कुंडली आहे. सहा सिलिंडर, आठ चाकं आणि जी म्हणजे गार्डनरचं इंजिन. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात सँडबॅच नावाचं छोटं गाव आहे, तिथली बांधणी. तोंड गोलसर, पुढे लंबगोल जाळी, कोपऱ्यावरून वळलेली काच. या केबिनला केव्ही म्हणतात. मी राहतो तिथून सँडबॅच वीस मिनिटांवर. आम्ही सहा जणांनी मिळून ती घेतली. साधारण भिशीसारखा प्रकार: महिन्याला ठरलेले पैसे टाकायचे आणि आपला रविवार आला की चालवायची. पाच गोरे निवृत्त गृहस्थ आणि सहावा मी, मूळचा साताऱ्याचा. इथे १९६०च्या आधी बनलेली मालगाडी रिकामी असेल तर साध्या कारच्या लायसनवर चालवता येते. आठ चाकांचं हे धूड माझ्यासारख्याच्या हाती देण्याएवढा विश्वास सरकारने कशाच्या जोरावर ठेवला, हे मला अजून कळलेलं नाही.

ईआरएफ हे एडविन रिचर्ड फोडन यांचं आद्याक्षरी नाव. फोडन घराण्याचा वाफेवर चालणाऱ्या लॉऱ्यांचा कारखाना याच गावात होता. पुढचा जमाना डिझेलचा आहे असं एडविनचं मत, घरच्यांचा जीव वाफेत अडकलेला. शेवटी १९३३मध्ये त्यांनी त्याच गावात वेगळी चूल मांडली. सरळ भाऊबंदकीच. फरक एवढाच की आपल्याकडे त्यातून बांधावरचे खटले निघतात, इथे दोन लॉरी कंपन्या निघाल्या. गावातल्या म्हाताऱ्यांत अजूनही फोडनवाले आणि ईआरएफवाले असे दोन तट आहेत आणि त्यांच्या खुर्च्यासुद्धा लांब लांब असतात.

आता इंजिन. गार्डनर ६एलडब्ल्यू, ८.४ लिटर, ११२ अश्वशक्ती, मिनिटाला जास्तीत जास्त १७०० फेरे. आजची एखादी बऱ्यापैकी हॅचबॅक याहून जास्त ताकद काढते. पण ही ताकद २४ टनांसाठी होती आणि ती तेवढं ओढायची. मी कायम रिकामी चालवतो, त्यामुळे इंजिनाबद्दल माझी तक्रार जवळपास नाही. आडव्या वळणाच्या बैलासारखं ते आपल्या चालीनं चालतं, त्याला घाई करता येत नाही. डिझेल पितं तेही बेतानं. मी आठ महिने वहीत लिहून ठेवलं, गॅलनला साधारण बारा मैल पडतात. सुटे भाग मिळतात, कारण याच घराण्यातली इंजिनं इथल्या कालव्यांतल्या नॅरोबोटींत, म्हणजे अरुंद लांबट बोटींतही बसवलेली आहेत आणि ते लोक जपणुकीत आमच्याहून वेडे.

खरा विषय गिअरबॉक्सचा. पाच गिअरचा, हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउन कंपनीचा. अॅस्टन मार्टिनच्या डीबी ५ मधलं डीबी ते हेच. ब्राउन साहेबांनी १९४७मध्ये अॅस्टन मार्टिन विकत घेतली होती. जेम्स बाँडच्या गाडीशी माझ्या लॉरीचं एवढंच नातं. यात सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना वेग आपोआप जुळवून देणारी सोय, नाही. दात कायम एकमेकांत अडकलेले असतात आणि आपण लिव्हरनं सरकवतो ते डॉग क्लच, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या दातेरी कड्या. दोन्हीकडचा वेग जुळला तर ते अलगद बसतात, नाही जुळला तर अख्ख्या गावाला कळतं. म्हणून वर जाताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, फेरे उतरेपर्यंत थांबा, पुन्हा क्लच, मग गिअर. खाली येताना मधल्या न्यूट्रलमध्ये थोडा अॅक्सिलरेटर. आपल्याकडे याला डबल क्लच म्हणतात आणि जुन्या एसटीतून खंबाटकी चढलेल्या कुणालाही तो आवाज पाठ असेल.

माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता. लहानपणी मी त्याच्या मागच्या सीटवर बसून त्याचा डावा पाय बघायचो. त्यामुळे मला वाटत होतं की हे रक्तातच असेल. नसतं.

आमच्या सहांत एक ८४ वर्षांचे गृहस्थ आहेत. साठच्या दशकात त्यांनी मँचेस्टर ते ग्लासगो अशा फेऱ्या ईआरएफवर मारल्या. मी मनात त्यांना अण्णा म्हणतो, ते मला लॅड (पोरा) म्हणतात, मी पन्नाशीचा असलो तरी. अण्णांची आणि त्यांच्या मित्रांची आठवणींची पोतडी मोठी आहे आणि आठ महिन्यांत मी त्यातल्या बऱ्याच आठवणी गाडीवर तपासून पाहिल्या. काही शंभर नंबरी निघाल्या. काहींना वयाबरोबर मीठमसाला लागलेला आहे.

उदाहरणार्थ, गार्डनरवर गिअर बदलताना मधल्या वेळात सिगारेट वळून व्हायची, ही गोष्ट इथला प्रत्येक म्हातारा सांगतो. इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे त्याच्याबरोबर फिरणारं चाक, जड, त्यामुळे फेरे उतरायला वेळ लागतो हे खरंच. मी मनात आकडे मोजले. सपाट रस्त्यावर तिसऱ्यातून चौथ्यात तीन आकडे, फार तर साडेतीन. तेवढ्यात सिगारेट वळत नाही, पण आधुनिक गाडीची सवय असलेल्या माणसाला ते तीन आकडे वारीच्या वाटेएवढे लांब वाटतात. मागचा कारवाला हॉर्न देतो, आपण आठ टन घेऊन न्यूट्रलमध्ये तरंगत असतो आणि हात लिव्हरवर शिवशिवत असतो. घाई केली की खर्रर्र.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती, ती माझी मला सापडली. जानेवारीत सकाळी गाडी काढली की हाच गिअर दोन आकड्यांत पडायचा. दुपारी परत येताना तीनवर जायचा. मी आधी समजलो माझाच हात थकतो. मग लक्षात आलं की थंडीत गिअरबॉक्समधलं तेल घट्ट असतं, ते आतल्या शाफ्टला लवकर आवरतं. तेल तापलं की पातळ होतं आणि शाफ्ट जास्त वेळ फिरत राहतो. म्हणजे सकाळी शिकलेला ताल दुपारी चुकीचा. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "हो, ते तसंच असतं." साठ वर्षं हातांना माहीत होतं, तोंडाला कधी सांगावंसं वाटलं नाही.

तेलावरून आठवलं. एका दुकानानं मला 'सगळ्या गिअरबॉक्सना चालतं' म्हणून आधुनिक तेल दिलं. त्यातली गंधकाची रसायनं पितळी आणि काशाच्या बुशिंगा खातात. अण्णांनी डबा हुंगला आणि बाहेर ठेवला. जुन्या गाडीला साधं मिनरल तेलच घाला, दुकानदार काहीही म्हणो.

दुसरी आठवण, की जुने ड्रायव्हर क्लच फक्त गाडी हलवायला वापरायचे. ही शंभर नंबरी. मार्चमध्ये एकदा अण्णा चालवत होते, मी डावीकडे. त्यांचा डावा पाय पेडलच्या बाजूला शांत ठेवलेला, आणि लिव्हर दोन बोटांनी न्यूट्रलमध्ये यायची, थांबायची, पुढच्या खाचेत पडायची. फेरे मोजायचा काटा या केबिनमध्ये नाही. ते ऐकत होते. मी व्हिडिओ काढून मामाला पाठवला. त्याचा फोन आला तो माझी खुशाली विचारायला नव्हे. "अरे, त्या बाबांचा हात बघितलास का? ढकलत नाही, नुसता टेकवून ठेवतो. तू ढकलत असशील." ढकलतच होतो. त्या दिवसापासून लिव्हर मुठीत धरणं बंद केलं, आणि निम्मा खरखराट गेला.

तिसरी आठवण शॅपची. प्रेस्टनचा बायपास ५ डिसेंबर १९५८ला सुरू झाला, तो ब्रिटनचा पहिला मोटरवे. पण उत्तरेकडच्या शॅपच्या डोंगरावरून एम ६ हा मोटरवे जायला १९७० उजाडलं. तोवर स्कॉटलंडकडचा सगळा माल ए ६ या जुन्या रस्त्याच्या घाटानं. माथ्यावर त्या ड्रायव्हरांच्या आणि बर्फात अडकलेल्यांना घरात घेणाऱ्या स्थानिकांच्या स्मरणार्थ एक दगड आहे. जूनमध्ये आम्ही गाडी तिथे नेली. केंडल गाव सोडल्यावर चढ लागला आणि मी चौथ्यातून तिसऱ्यात येताना चुकलो. चढावर गाडीचा वेग फेऱ्यांची वाट बघत नाही. मी न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर कमी दिला, गिअर घुसेना. दुसऱ्यांदा द्यायच्या आत तिसऱ्याचाही वेग उरला नव्हता. थांबलो. हँडब्रेक रॅचेटचा, चार-पाचदा उपसल्याशिवाय धरत नाही, तोवर पायाचा ब्रेक दाबून पोटरीत गोळा. मागे आठ गाड्यांची रांग. पहिल्यात टाकून सुटलो. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, माथ्यावर पोहोचल्यावर एवढंच म्हणाले, की भरलेली असती तर तू दुसऱ्यातच आला असतास आणि हे झालंच नसतं.

उताराला हे लोक न्यूट्रल करून गाडी सोडायचे. त्याला 'स्कॉच ओव्हरड्राइव्ह' म्हणायचे. आपल्या घाटात डिझेल वाचवायला सोडतात तसंच, आणि तितकंच जिवावरचं. पुन्हा गिअरमध्ये यायचं म्हटलं तर वेग जुळवणार कसा? मी हे करून पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.

बाकी गिअरबॉक्सची चर्चा निघाली की संध्याकाळ जाते. फोडनवाले त्यांच्या बारा गिअरचं कौतुक सांगतात: चार गिअरचा मुख्य बॉक्स, मागे हवेच्या दाबानं बदलणाऱ्या तीन पातळ्या. वॉटफर्डच्या स्कॅमेल लॉरीचा 'गेट चेंज' गिअरबॉक्स चालवलेले एक जण तर बाकी सगळ्यांना नवशिके समजतात. सत्तरच्या दशकात फुलर कंपनीचा रोडरेंजर गिअरबॉक्स आला, नऊ गिअर, त्यातही सिंक्रोमेश नाहीच, पण क्लच तळापर्यंत दाबला की आतला शाफ्ट आवरणारा ब्रेक लागतो. प्रत्येकाला स्वतःचा बॉक्स सोडून बाकीचे रद्दड वाटतात. पण गप्पा रंगल्या की मी एक खवचट प्रश्न विचारतो: मग स्वीडनच्या व्होल्वो आणि स्कॅनिया लॉऱ्या आल्यावर तुम्ही काय केलंत? सगळे एकदम चहाकडे वळतात. हीटर आणि सिंक्रोमेश मिळाल्यावर कुणीही मागे वळून बघितलं नाही. फोडनचं नाव २००६मध्ये संपलं, ईआरएफचं २००७मध्ये.

केबिनबद्दल त्यांच्या तक्रारी शब्दशः खऱ्या आहेत. हीटर नाही. इंजिन केबिनमध्येच डाव्या हाताशी, एका झाकणाखाली, त्यामुळे डावी मांडी भाजते आणि उजवा गुडघा गारठतो. अण्णांचा डावा कान गेलाय तो याच झाकणाशेजारी. पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमध्ये दोन वळणं घेतली की व्यायामशाळेचे पैसे वाचतात. झाकणाची एक सोय मात्र आहे. फॉइलमध्ये गुंडाळून पुरणपोळी वर ठेवली, वर जाड कापड टाकलं, की तासाभरात मऊ आणि गरम. अण्णांनी अख्खी खाल्ली, तूप मात्र नको म्हणाले.

मामाला गेल्या महिन्यात लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या लॉऱ्यांच्या म्युझियममधून व्हिडिओ कॉल केला. लेलँड हे गावाचं नाव आहे हे त्याला आयुष्यभर ठाऊक नव्हतं. "म्हणजे आमच्या अशोक लेलँडचं माहेर!" म्हणाला आणि मला प्रत्येक गाडीचा लिव्हर दाखवायला लावला.

घ्यावी का? रोजच्या कामाला अजिबात नाही. एकट्यानं तर नाहीच, जागा आणि गुडघे दोन्ही लागतात. कुणाला वाटा मिळत असेल तर घ्या, पण सोबत एक म्हातारा बसवून घ्या. आणि बूट पातळ तळव्याचे घाला. मी पहिले दोन महिने पोलादी टोकाचे जाड बूट घालून बसायचो, क्लच कुठे सुटतो ते पायाला कळायचंच नाही.