डिजिटल सातबारा ठीकच, पण खरी कामाची 'आपली चावडी'

महाराष्ट्राच्या महसूल खात्याच्या ऑनलाइन सेवांमध्ये पहिला गोंधळ दारातच होतो. सातबारा दाखवणारी संकेतस्थळं दोन आहेत. 'महाभूलेख'वर तो फुकट दिसतो, पण नुसता पाहण्यापुरता; कायदेशीर कामाला तो चालत नाही. कामाचा उतारा 'डिजिटल सातबारा'वर मिळतो, १५ रुपयांत. सायबर कॅफेत छापून घेणार असाल तर पैसे देण्याआधी पान उलटून तळाशी बघा. डिजिटल स्वाक्षरीची ओळ आणि १६ अंकी क्रमांक नसेल तर तो फुकटवाला उतारा आहे.

काढायला अवघड नाही. मोबाइल नंबर, ओटीपी, मग आपल्या खात्यात आगाऊ पैसे भरायचे आणि जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. गट किंवा सर्व्हे नंबर शोधताना आधी नुसता मूळ आकडा टाका आणि पुढे येणाऱ्या यादीतून पोटहिस्सा निवडा. ११२/२/अ की ११२/२अ, हे दर गावी वेगळं नोंदलेलं असतं आणि पूर्ण क्रमांक स्वतः टाइप करणारे बहुतेक तिथेच अडकतात. पैसे कापले गेले पण शिल्लक दिसत नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी व्यवहाराची स्थिती तपासा. उतारा आला की त्याच क्षणी फाइल जतन करून ठेवा. पीककर्जाच्या आणि पीकविम्याच्या हंगामात साइटला कासवाची गती येते, तेव्हा काम पहाटे किंवा रात्री उरकलेलं बरं.

आता उतारा वाचायचा कसा. तळाशी दोन तारखा असतात: एक स्वाक्षरीची, दुसरी डाउनलोडची. डाउनलोड आजचा आणि स्वाक्षरी दोन वर्षांपूर्वीची दिसली की लोक घाबरतात. त्यात काही वावगं नाही. तेव्हापासून त्या सातबाऱ्यावर नवा बदल झालेला नाही, एवढंच. त्याहून महत्त्वाच्या जागा दोन, 'शेवटचा फेरफार क्रमांक' आणि 'प्रलंबित फेरफार' (फेरफार म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल). प्रलंबितच्या पुढे फेरफार क्रमांक असेल तर उताऱ्यावरची एखादी नोंद, कदाचित मालकाचं नावच, बदलण्याच्या वाटेवर आहे असं समजा आणि तो निकाली निघेपर्यंत विसार देऊ नका. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. ०.४०.५० म्हणजे ४,०५० चौरस मीटर, जवळपास एक एकर. आर म्हणजेच गुंठा असं सर्रास धरलं जातं, पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा सुमारे १०१.१७चा. एकराला ४७ चौरस मीटरचा फरक पडतो, आणि रस्त्याकडेच्या जमिनीत तो भांडणाला पुरतो.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफवर कधीच विश्वास ठेवू नका. १६ अंकी क्रमांक संकेतस्थळाच्या पडताळणीच्या चौकटीत टाका आणि समोर येणारा उतारा हातातल्याशी नावागणिक ताडून बघा. इतर हक्काच्या रकान्यातला बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) खोडून पाठवलेले उतारे याच पायरीवर पकडले जातात. डिसेंबर २०२५ मध्ये शासनाने या डिजिटल उताऱ्यांना कायदेशीर मान्यता दिली आहे, त्यामुळे एखाद्या कार्यालयाने वर शिक्का मागितलाच तर उताऱ्यावरच छापलेलं 'सही-शिक्क्याची आवश्यकता नाही' हे वाक्य दाखवा.

उतारा पोर्टलने सोपा केला हे खरं, पण या सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सर्वांत मोलाची सोय म्हणजे फेरफारांच्या नोटिसा ऑनलाइन दाखवणारी 'आपली चावडी'. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोटीस चावडीवर लावून हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात. पूर्वी ती नोटीस गावात असणाऱ्यालाच दिसायची, तीही फळ्याकडे बघितलं तर. आता गाव निवडलं आणि पडद्यावरची अक्षरं भरली की चालू फेरफारांची यादी समोर येते: क्रमांक, प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख, गट नंबर. त्यासाठी पैसे पडत नाहीत. मुंबईत किंवा परदेशात नोकरी करणाऱ्यांनी आणि माहेरच्या जमिनीत वाटा असलेल्या बहिणींनी तर ही यादी दर आठवड्याला बघावी. महिन्यातून एकदा बघितलं तर पंधरा दिवसांची अख्खी मुदत मधल्या मध्ये निघून जाऊ शकते. 'वारस' किंवा 'हक्कसोड' (आपला वाटा सोडून देणे) प्रकारात आपला गट दिसला की बसून राहायचं नाही.

हरकत लेखी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्या. 'मला मान्य नाही' एवढ्याने काही होत नाही. फेरफार क्रमांक, गट, कारण आणि आधाराचा कागद जोडा. मग ती नोंद गाव नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते आणि सुनावणी लागते. मुदत गेली, नोंद प्रमाणित झाली, तर उरतं ते कलम २४७ खालचं प्रांताधिकाऱ्यांकडचं अपील, ६० दिवसांच्या आत. तिथे वकील आणि वर्षं दोन्ही खर्ची पडतात.

फेरफाराचे अर्ज ऑनलाइन करण्याच्या 'ई-हक्क' या सोयीबद्दल मत जरा आखडतं. वारस नोंद, बोजा चढवणे किंवा कमी करणे, मयताचं नाव कमी करणे, अपाक शेरा (अज्ञान वारसाच्या पालकाची नोंद) काढणे, संगणकीकृत सातबाऱ्यातली चूक दुरुस्ती, असे अर्ज तिथून जातात. फॉर्म चांगला आहे, पण अर्ज शेवटी तलाठ्याच्याच (आता ग्राम महसूल अधिकारी) टेबलावर पडतो आणि मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केल्याशिवाय काही बदलत नाही. 'घरबसल्या' हा शब्द त्यामुळे अर्धाच खरा. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावातला फरक: सातबाऱ्यावर 'रामा', मृत्यू दाखल्यावर 'रामचंद्र'. एकच व्यक्ती असल्याचं स्वयंघोषणापत्र आधीच जोडलं तर एक फेरी वाचते. दुसरं कारण, एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात आणि अर्ज एकाच खात्याचा होतो. ८-अ (खात्यावरच्या जमिनींचा उतारा) समोर ठेवून भरा म्हणजे खातं सुटणार नाही.

सोसायटीचं कर्ज फेडलं की बोजा आपोआप उतरतो हा समज तर गावोगावी आहे. तो उतरत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला जोडून 'बोजा कमी करणे'चा अर्ज करावा लागतो, नाहीतर बापाने वीस वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज मुलाच्या उताऱ्यावर इतर हक्कात तसंच दिसत राहतं.