वाडीचं सांडपाणी: मुळशीतल्या आमच्या प्रकल्पाचा अनुभव

मुळशी खोऱ्यातल्या आमच्या तीनशे वस्तीच्या वाडीला पुण्याच्या एका छोट्या कंपनीने सांडपाण्याचा प्रकल्प बांधून दिलाय, देखभालही तीच बघते. मी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आहे. आजूबाजूच्या गावांतून सारखी विचारणा होते, म्हणून लिहिते.

हंड्याने पाणी भरत होतो तेव्हा मोरीचं पाणी परसातल्या केळीलाच संपायचं. जलजीवन मिशनमधून माणशी ५५ लिटर घरात आलं. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तरी रोज तेरा हजार लिटर! सगळं रस्त्यावरून ओढ्यात, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची विहीर.

आधीच्या एका कंत्राटदाराने घरोघरी शोषखड्ड्यांचं अंदाजपत्रक दिलं होतं. या कंपनीच्या इंजिनिअर ताईंनी आल्या आल्या पहार मारायला लावली. हातभर मुरूम, खाली काळा पाषाण. पावसात हे खड्डे पाणी पिणार नाहीत, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. माझा विश्वास तिथेच बसला.

बांधलंय असं: जाळी, गाळाचा चेंबर, कप्प्यांची बंद टाकी, मग कर्दळ लावलेला खडीचा वाफा. पाणी उताराने जातं, वीज लागत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती असते ते मुळशीकरांना माहीत आहे. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीच राहतं, म्हणून डास होत नाहीत. बघायला येणारे कर्दळीचे फोटो काढतात, पण खरं काम खडीला चिकटलेले जिवाणू करतात. खडी बुजली की सगळं थांबलं. संडास दोन खड्ड्यांचे, वेगळे. ते पाणी यात सोडलेलं नाही.

खडी बुजवतात दोन गोष्टी, राख आणि शेण. आमच्याकडे अजून बऱ्याच जणी राखेने भांडी घासतात. कंपनीच्या माणसांनी घरोघरी मोऱ्या बघितल्या, गोठ्यांचं पाणी गटारातून तोडून उकिरड्याकडे वळवलं. चेंबर उघडून राख काढायचं काम बचत गटातल्या दोघींना शिकवलं, त्यांना पंचायत मानधन देते. एवढ्या बारकाईने काम करणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

एक तक्रार आहे. आषाढात पागोळ्यांचं पाणी गटारात शिरलं आणि टाकीतला गाळ वाफ्यात गेला. त्यांनी लगेच येऊन बाजूने सांडवा काढला, पण त्याचे पैसे वेगळे घेतले. मुळशीचा पाऊस मूळ आराखड्यातच धरायला हवा होता. त्याचा एक तारा कापून पाचपैकी चार देते.

पैशाचं स्पष्ट सांगते. पाच हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावाला स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत मिळत होते. आमच्या वाडीचे ८४ हजार झाले, त्यात हे होत नाही. वित्त आयोगाच्या निधीतून भर घालावी लागली.

बाहेर पडणारं पाणी आम्ही केळी आणि हत्ती गवताला देतो, पालेभाजीला नाही. काम देताना टाकीतला गाळ कोण उपसणार आणि तो कुठे टाकणार, हे करारात लिहून घ्या. आमच्या करारात ते कंपनीकडे आहे.